आबासाहेबांचे जंत

वारजे, पुणे
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सन्माननीय विहीणबाई, श्रीमती इंदुबाई यांना वारज्याहून रंगरावचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपलं पत्र नाही, फोन नाही, त्याअर्थी आपली प्रकृती उत्तम असावी असं गृहीत धरतो. (ती बिघडली असती तर आपण भाग्यश्रीला कळवलं असतं, भाग्यश्रीने तिच्या आईला, आणि तिच्या आईने मला, जेवण संपत आल्यावर, ताक वाढता वाढता. आमच्या घरात बातम्या याच मार्गाने येतात.) आपला उजवा गुडघा कसा आहे? दारव्ह्याकडे तूर फुलोऱ्यात आली असेल. कापसाच्या वेचणीला माणसं मिळतात का? शेळ्या सतरा होत्या, त्या आता किती झाल्या? हे सगळं मी केवळ रीत म्हणून विचारत नाही. शेळ्यांबद्दल तर अजिबातच नाही, ते पुढे कळेलच.

आपल्या-माझ्यात दोन वर्षं बोलणं नाही, आणि त्याचं कारण आपल्याला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्या दिवशी कार्यालयात हजर असलेल्या तीनशे माणसांना माहीत आहे. तेजस-भाग्यश्रीच्या लग्नात आपण सुनेला चारशे ग्रॅम चांदीचा तांब्या दिलात. मी पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, आणि केटररची मिठाई तपासायला माझा स्वतःचा काटा कार्यालयात घेऊन आलो होतो. (मिठाई बरोबर भरली. हे मुद्दाम नोंदवतो, कारण त्या केटररचं नाव नंतर विनाकारण खराब झालं.) काटा समोर होता, तांब्या समोर होता. माझा हात गेला. तांब्या तीनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरला आणि मी ते मोठ्याने म्हणालो. आपण पंगतीतून उठलात, श्रीखंडाची वाटी तशीच राहिली, आणि त्यानंतर माझा फोन आपण कधी उचलला नाहीत. त्यामुळे हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. पोस्टमनला आपण परत पाठवणार नाही अशी खात्री आहे, कारण त्याचा यात काही दोष नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा आबासाहेबांचा आहे.

आबासाहेब म्हणजे आपल्या चिरंजीवांनी पाळलेला सरडा. ऑस्ट्रेलियातल्या जातीचा, वीतभर अंग आणि वीतभर शेपूट, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि चेहरा असा की जणू समोरच्याने कर्जाचा अर्ज नीट भरलेला नाही. त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, कागद माझ्या कपाटात आहेत. आपण त्यांना एकदा पाहिलं आहे आणि तेव्हा आपण काय म्हणालात ते भाग्यश्रीने आम्हाला सांगितलं आहे: ‘‘म्हशीले चारा टाकाले सांगतलं तं याच्या पोटात दुखे, अन् आता सरड्याले गाजर किसून देते.’’ तेजस त्यांना नुसता ‘आबा’ म्हणतो. पण ऑगस्टात कंपनीने दोघांना चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं आणि आबा काचेच्या पेटीसह आमच्याकडे आले, तेव्हा आमच्या हिने पहिल्याच दिवशी ठरवलं की जावयाचा प्राणी आहे, त्याला अरेतुरे करायचं नाही. तेव्हापासून ते आबासाहेब झाले. आबासाहेब उठले, आबासाहेब उन्हात बसले, आबासाहेबांनी आज दुधी घेतला नाही. घरात मला अजून ‘अहो, ऐकलं का’ एवढंच आहे.

निघताना तेजस विमानतळावर माझा हात धरून म्हणाला, ‘‘बाबा, मी याला अंड्यातून बाहेर आल्यापासून सांभाळलंय. प्लीज.’’ एवढंच म्हणाला. आता जावई म्हणून तो माझ्याशी दोन वर्षांत फारसा मोकळा बोललेला नाही (का, ते वर आलंच आहे), त्यामुळे त्या ‘प्लीज’चं मला फार वाटलं. मी म्हणालो, जसे दिलेत तसे परत देईन, ग्रॅमला ग्रॅम. ते मी बोलून गेलो आणि घरी येऊन नोंदवही उघडली. दर सोमवारी सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी, आबासाहेबांचं वजन. १८ ऑगस्ट, चारशे वीस ग्रॅम. खाली माझी सही.

पहिले तीन आठवडे उत्तम गेले. आबासाहेबांना खायला पालेभाज्या आणि किडे लागतात. तेजसने पाळलेल्या रातकिड्यांचे डबे ठेवले होते आणि ते कुठून मागवायचे तेही लिहून दिलं होतं. पण आमच्या हिला ते पटेना. जावयाच्या प्राण्याला डब्यातलं शिळं कसं घालायचं? ताजं पाहिजे. मीही विचार केला की आपण रोज सकाळी वारज्याच्या टेकडीवर जातो, पावसाळा सरतोय, गवतात नाकतोडे उड्या मारताहेत, तिथली हवा शुद्ध, तिथलं गवत बिनफवारणीचं. मी आणि आमच्या मजल्यावरचे सर्जेराव (निवृत्त पोस्टमास्तर, माझे फिरायचे सोबती) रुमाल घेऊन नाकतोडे धरू लागलो. दोन म्हातारे गवतात वाकून उड्या मारताहेत हे पाहून टेकडीवरच्या हास्यक्लबवाल्यांनी आम्हाला सदस्य होण्याची विनंती केली. आम्ही ती नाकारली, कारण आम्ही कामात होतो. आबासाहेब नाकतोडे मिटक्या मारत खात. मला धन्य वाटे.

सप्टेंबरच्या मध्यावर वजन चारशे पंधरा. पुढच्या सोमवारी चारशे सहा. मग तीनशे शहाण्णव. आबासाहेब खात होते, पण शेपटीचं मूळ बारीक दिसायला लागलं होतं आणि दुपारी ते पेटीतल्या उबेच्या दिव्याखाली डोळे मिटून पडून राहू लागले. आमची ही म्हणाली, ‘‘वाळलेत ते.’’ आणि इथे, विहीणबाई, मी ती चूक केली जी जगात दुसऱ्या कोणी केली नसती. मी म्हणालो, काटा बिघडलाय. पस्तीस वर्षं माझ्यासमोर ज्याने ज्याने वजन ठेवलं, त्याच्या वजनापेक्षा मी आधी काट्यावर संशय घेतला आणि शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर ठरलो. कांदे कधी खोटं बोलत नाहीत, काटा बोलतो. तेव्हा सरडा तरी कशाला बोलेल? तेरा ऑक्टोबरला तीनशे अठ्ठ्याऐंशी आलं, तेव्हा मी आबासाहेबांना पेटीत ठेवलं, काटा पिशवीत घातला आणि मंडईच्या मागच्या गल्लीत रज्जाकभाईंकडे गेलो.

रज्जाकभाई पिढीजात काटे दुरुस्त करतात. मी नोकरीत असताना त्यांनी दुरुस्त केलेल्या काट्यांवर मी शिक्के मारले आहेत, आणि एकदा त्यांचा एक काटा जप्तही केला आहे, तरी माणूस चहा पाजतो. त्यांनी माझ्या काट्यावर प्रमाणित वजनं एकेक करून ठेवली. शंभर ठेवलं, सत्त्याण्णव. दोनशे ठेवलं, एकशे चौऱ्याण्णव. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. ‘‘साहेब, शेकडा तीन कमी दाखवतोय. आणि हे आजचं नाही बरं का. पहिल्या दिवसापासूनचं आहे, सेटिंगच चुकलेलं आहे. कधी तपासला नाहीत?’’ विहीणबाई, तो काटा मला निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी हार घालून दिला होता. नऊ वर्षं मी तो एकदाही तपासला नाही. मंडईतल्या मेथीवाल्या बाईचा काटा मी वर्षातून दोनदा तपासायचो.

त्यांनी काटा दुरुस्त करून दिला. मी घरी येऊन आबासाहेबांना पुन्हा त्यावर बसवलं. चारशे. सकाळी तीनशे अठ्ठ्याऐंशी, दुपारी चारशे. हे दोन आकडे आपल्या परिचयाचे आहेत. माझ्याही होते. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिलो.

तर ते इथेच लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा पुढे ढकलेन, जसं गेले पंचवीस दिवस ढकलतो आहे. तांब्या पूर्ण वजनाचा होता. कमी माझा काटा होता. आपण प्रामाणिक वस्तू प्रामाणिकपणे दिलीत आणि मी तीनशे माणसांसमोर आपल्याला कमी ठरवलं. काटा बरोबर असता तरी ते करायचं नव्हतं, कारण लेकीला कोणी प्रेमाने दिलेली वस्तू तोलायची नसते, हे सत्तरीतल्या माणसाला कळायला हवं. मला फार लाज वाटते. माफी मागतो. (हा परिच्छेद मी चार वेळा लिहिला. आधीच्या तिन्हींत ‘तथापि’ होतं. ते काढलं आहे.)

आता पुन्हा आबासाहेब. आपण म्हणाल, काटा खोटा निघाला, मग आबासाहेब ठणठणीत असतील. मीही तेच म्हणालो. मी पेढे आणले. सर्जेरावांना दिले, वॉचमनला दिले, ‘बारा ग्रॅम वाढले’ असं सांगत जिने चढलो-उतरलो. दिवाळी आनंदात गेली. पाडव्याला जावई नाही म्हणून आमच्या हिने आबासाहेबांना पाटावर बसवून ओवाळलं. त्यांनी निरांजनाकडे पाहून दाढी फुगवली, ते आम्हाला शुभ वाटलं. आणि मग सत्तावीस तारखेला दुरुस्त काट्यावर तीनशे एक्क्याण्णव, तीन नोव्हेंबरला तीनशे त्र्याऐंशी. ती म्हणाली, ‘‘आता कुणाला घेऊन जाणार, रज्जाकभाईंनाच का?’’

मंगळवारी आम्ही आबासाहेबांना घेऊन कोंढव्याच्या बाजूला एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर अर्शिया फक्त कासवं, सरडे, पोपट असलेच पेशंट बघतात. आदल्या दिवशी फोन केला तर म्हणाल्या, शी केलेली ताजी आणा, दोन-तीन तासांच्या आतली. आता हा विषय आपल्याला लिहिताना माझी मान खाली जाते, पण आजाराला लाज नसते. आबासाहेबांचा रिवाज दोन दिवसांतून एकदा, तोही त्यांच्या मर्जीने. मी पहाटेपासून खुर्ची टाकून बसलो. शेवटी हिने कोमट पाण्याची परात आणून त्यांना त्यात बसवलं आणि काम झालं. तो नमुना मी स्वच्छ बाटलीत घेतला, झाकणावर चिकटपट्टी लावली, तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. पंच क्रमांक एक, आमची ही. (तिने ‘हे काय चाललंय’ असं लिहून खाली सही केली आहे.) पंच क्रमांक दोन, सर्जेराव. डॉक्टरबाईंनी बाटली हातात घेऊन सगळं वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘काका, इतकं व्यवस्थित सॅम्पल मला आजपर्यंत कोणी दिलं नाहीये.’’ मी सांगितलं की खात्याची पद्धत आहे.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला आणि मलाही बघू दिलं. जंतांची अंडी. लांबट, एका बाजूने चपटी, काचेवर इकडे-तिकडे पसरलेली. मी सवयीने मोजायला लागलो, सत्तावीसपर्यंत आलो तेव्हा त्यांनी मला हळूच बाजूला केलं. लहान मुलांना होतात तसलेच बारीक, दोऱ्यासारखे जंत. थोडे असले तर सरड्याला चालतात म्हणे, वर्षानुवर्षं बरोबर राहतात. पण हे फार झाले होते. आबासाहेब खात होते ते जंतांच्या पोटात जात होतं. डॉक्टरबाईंनी माझी नोंदवही मागितली आणि एक नजर टाकून विचारलं, ‘‘काका, सुरुवातीचे चारशे वीस याच खराब काट्यावरचे ना? मग ते खरे चारशे तेहतीस होते. काटा दर वेळी तेवढंच कमी दाखवत होता, पण वजन खरंच उतरत होतं. पन्नास ग्रॅम गेलेत. एवढ्याशा जिवाला ते खूप आहे.’’ विहीणबाई, पस्तीस वर्षांच्या निरीक्षकाला हा हिशेब एका तिशीच्या मुलीने समजावला. काट्याच्या आनंदात मी तीन आठवडे घालवले आणि ते तीन आठवडे आबासाहेबांच्या अंगातून गेले.

जंत आले कुठून, हे विचारल्यावर मी पाळीव प्राण्यांच्या दुकानांबद्दल बरंच बोललो. त्यांनी शांतपणे विचारलं, काय खायला घालता? मी टेकडीचं सांगितलं, हवेसकट. त्या म्हणाल्या, ‘‘बाहेरचे किडे बंद. टोटली. ते काय खाऊन येतात, कशावर बसून येतात, आपल्याला काही माहीत नसतं. डब्यातलेच बरे.’’ म्हणजे मानपान आमचा आणि जंत आबासाहेबांना.

पण मी आता हटणार नाही. उपचाराचा सगळा तपशील भिंतीवर लावला आहे. औषध पातळ आहे, सुईविना पिचकारीतून तोंडात द्यायचं, वजनाप्रमाणे. आधी एकदा आणि बरोबर दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळेला जंत मरतात पण अंडी राहतात. पेटीतली तेजसची सुंदर वाळू फेकायची आणि रोज नवं वर्तमानपत्र अंथरायचं. (मी वाळू धुऊन, वाळवून, चाळून ठेवतो म्हणालो. डॉक्टरबाईंनी ‘नाही’ असं इतक्या वेळा सांगितलं की हिने त्याच संध्याकाळी ती वाळू बांधकामावर देऊन टाकली.) भांडी, फांदी, दगड उकळत्या पाण्याने रोज. शी दिसताक्षणी उचलायची, हातमोजे घालून, आणि मग साबणाने हात कोपरापर्यंत. आता आमच्या घरात सकाळी सहा ते दहा माझी पाळी, दहा ते दोन हिची, मग सर्जेराव येतात. सर्जेरावांना वर्तमानपत्र आधी वाचायचं असतं, त्यावरून थोडे वाद झाले. ते मिटले आहेत. पुणे शहरात एखाद्या जंताने चुकीचं घर निवडलं असेल तर ते हेच.

तर बुधवारी पहिला डोस. हिने आबासाहेबांना टॉवेलात धरलं, सर्जेरावांनी तोंड उघडायचं आणि मी पिचकारी मारायची अशी विभागणी होती. आबासाहेबांनी तोंड मिटलं ते मिटलं. दाढी काळी केली, अंग चपटं केलं आणि सर्जेरावांकडे असं पाहिलं की त्यांना नोकरीतले एक विशिष्ट अधीक्षक आठवले आणि ते दोन पावलं मागे सरकले. पाऊण तास गेला. शेवटी एकदाचं तोंड उघडलं, मी पिचकारी दाबली, आणि त्यांनी मान झटकली. औषध सर्जेरावांच्या चष्म्यावर, हिच्या पदरावर, माझ्या नोंदवहीवर आणि थोडंसं, किती ते देवाला ठाऊक, आबासाहेबांच्या पोटात. डॉक्टरबाईंना फोन केला तर म्हणाल्या, पुन्हा देऊ नका, किती गेलं ते माहीत नसताना जास्त झालं तर ते वाईट. आता दुसरा डोस मात्र नीट गेलाच पाहिजे. तो बुधवारी, १९ नोव्हेंबरला आहे. त्या स्वतः बहिणीच्या लग्नासाठी पंचवीसपर्यंत गावाला आहेत. आणि मंगळवारच्या रिक्षाच्या प्रवासाने आबासाहेब इतके बिथरले की दीड दिवस काही खाल्लं नाही, त्यामुळे त्यांना पुन्हा हलवायची माझी हिंमत नाही. जे व्हायचं ते इथेच, या घरात झालं पाहिजे.

तेजसला यातलं काही कळवलेलं नाही. तो रविवारी व्हिडिओवर फोन करतो, तेव्हा आम्ही आबासाहेबांना दिव्याच्या उजेडात, जरा भरल्या अंगाच्या बाजूने दाखवतो. गेल्या रविवारी तो म्हणाला, आबा बारीक दिसतोय का? मी म्हणालो, तुमच्याकडचं नेट बारीक आहे. असं खोटं मी नोकरीतही कधी बोललो नाही.

पत्र लांबलं. आपल्या गुडघ्याला जपा, शेळ्यांना माझा नमस्कार सांगावा असं लिहिणार होतो पण ते शोभणार नाही. लहानथोरांना यथायोग्य म्हणायला आपल्याकडे आता घरात कोणी नाही हे मला माहीत आहे, म्हणून तो सगळा नमस्कार आपल्याला एकटीलाच.

आपला अपराधी,
रंगराव

ता. क. – शेळ्यांचं कारण आता सांगतो. भाग्यश्रीने एकदा सांगितलं होतं की गावात कोणाच्याही जनावराला औषध पाजायचं असलं की लोक आपल्याला बोलवायला येतात. वासरू असो की बोकड, आपण गालफडाच्या कडेला अंगठा लावता, कानात काहीतरी म्हणता आणि नळी तोंडात गेलेली त्याला कळतही नाही. विहीणबाई, अठरा तारखेपर्यंत आपण पुण्याला येऊ शकाल का? स्वारगेटवर मी स्वतः न्यायला येईन. तोंड लहान आहे, पण तोंडच आहे.

ता. क. २ – आणि आपण नाही आलात, किंवा आलात तरी उपयोग झाला नाही, आणि आबासाहेबांचं काही बरंवाईट झालं, तर तेजसला ते आपण सांगावं. एवढं एक माझ्यासाठी करा. माझा शब्द होता, आणि त्या पोराला दुसऱ्यांदा तोंड दाखवायची माझ्यात ताकद नाही.

ता. क. ३ – इंदूताई, ही मी लिहितेय, तुमची विहीण. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. तेजसला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे, मीच सांगितलं. रविवारचं नाटक तो आणि मी दोघंही निमूट बघतो. ‘आईला बोलवा’ हेही त्याचंच, पण म्हणाला की मी सांगितलं तर ती यायची नाही, बाबांनी स्वतः लिहिलं तरच येईल. म्हणून गेले तीन दिवस मी यांच्यासमोर तुमच्या शेळ्यांबद्दल बोलतेय. दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरबाई एकोणीसला, बुधवारी, घरी येऊन औषध पाजून जायला तयार आहेत, दोन मिनिटांचं काम आहे म्हणे. हे मी यांना सांगितलेलं नाही. आज सकाळी वजन तीनशे शहाऐंशी भरलं, तीन ग्रॅम वाढलेत, तेही यांना अजून कळलेलं नाही, कारण सोमवारशिवाय हे वजन करत नाहीत. तेव्हा आबासाहेबांची काळजी करू नका, ते वाचतील. यांचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.